तीन हात लुगडं

फोन आला तेव्हा सारिका एका चार वर्षांच्या पोरीच्या कमरेचं माप घेत होती. पोर काही एका जागी उभी राहीना आणि तिच्या आईचं डोकं मोबाइलमध्ये. वाढदिवसाला गुलाबी टुटू पाहिजे, तो फुगीर नाचाचा घागरा, नेटचे तीन थर, खाली चमकी, असं सगळं ती बाई मान वर न करता सांगत होती. सारिका गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून नुसती मान हलवत होती. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. धुळ्याहून लोटनभाऊ.

लोटनभाऊ म्हणजे भिकुबाई अक्कांच्या खोलीला लागून राहणारा रिक्षावाला. हा माणूस दिवाळीलासुद्धा फोन करत नाही. सारिकाने टाचण्या तोंडातून काढल्या आणि फोन उचलला.

"ताई, अक्कांना काल दवाखान्यातून घरी आणलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, घरी न्या, सेवा करा."

असं डॉक्टर कधी म्हणतात ते काय कोणी समजावून सांगायला पाहिजे?

"शुद्धीवर आहेत. बोलतात पण. सकाळपासून एकच धोसरा लावलाय, सारिकाला सांग, लुगडं घेऊन ये."

"आणते ना! आत्ता निघते. जपून ठेवलंय, भाऊ. नवं कोरं, पिशवीसकट तसंच आहे. कडुनिंबाचा पाला घातलाय आत."

"नवं?" लोटनभाऊ थांबला. पलीकडे खोलीत काहीतरी कुजबुज झाली. मग तो परत आला. "नवं नाही म्हणतात. जुनं. दांड घातलेलं, हिरव्या काठाचं. नवं तर तुम्हाला नेसायला दिलं होतं म्हणतात."

सारिकाने हळूच मान वळवून दुकानाच्या काचेकडे पाहिलं. काचेत पुतळा उभा होता. पुतळ्याच्या कमरेला ते हिरव्या काठाचं जुनं लुगडं होतं. अकरा तुकडे करून, खाकी नेटवर पाकळ्यांसारखं टाचलेलं. आणि पुतळ्याच्या गळ्यात पहिल्या नंबरचं पदक.

"आणते म्हणावं," ती बोलली.

आता ही अक्का सारिकाची कोण, ते सांगायला पाहिजे. नात्याची म्हणाल तर कोणी नाही. दोघी बोरपाड्याच्या, एवढंच. पण आपल्याकडे एवढंच पुष्कळ असतं. गावची लेक ती आपली लेक. सारिकाचा बाप मजुरीसाठी धुळ्याला आला तेव्हा त्यांना भाड्याची खोली अक्कानेच बघून दिली होती. अक्का जुन्या धुळ्यात एका खोलीत ब्लाउज शिवायची. नवरा केव्हाच गेलेला, पोरबाळ नाही. पंधराव्या वर्षी सारिका तिच्या मशीनवर बसली ती लग्न होईपर्यंत उठली नाही. टीप वाकडी गेली की अक्का लाकडी पट्टी बोटांवर मारायची आणि स्वतः डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून, कुठे टाका चुकलाय ते सांगायची. आज जळगावात सारिकाचं ड्रेसचं दुकान आहे, गॅदरिंगचे कपडे आणि छोट्या पोरींचे टुटू म्हटलं की लोक तिच्याकडे येतात, ते त्या पट्टीमुळे.

चार वर्षांमागे अक्काचे डोळे गेले. काचबिंदू. त्या दिवाळीत तिने सारिकाच्या हाती एक गाठोडं दिलं. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, हा रिवाज. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा आणतो. ज्या बाईचं माहेरी कोणीच उरलं नाही तिने काय करावं? अक्काने तोडगा काढला होता. "तू मन्हा गावनी शे," ती म्हणाली. "आते तूच मन्हं माहेर. यामा एक मन्हा शेवटला दिन साठे शे. बाकी बठ्ठं तुन्हं." सारिका तेव्हा इतकी रडत होती की गाठोड्यातलं कोणतं एक, ते विचारायचं तिला सुचलंच नाही. आणि विचारायचं तरी काय? माहेरचं लुगडं कोरं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. गाठोड्यात एक कोरं होतं, दुकानाची चिठ्ठी लावलेलं. ते तिने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलं आणि दर सहा महिन्यांनी पाला बदलला. दुसरं होतं ते जुनं, विरलेलं. ते तिने चिंध्यांच्या पेटीत टाकलं. आजपर्यंत तिला वाटत होतं, आपण ठेव सांभाळली.

त्या पोरीला आणि तिच्या आईला उद्या या सांगून तिने वाटेला लावलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. हात लावायचा धीर होईना.

सगळी कल्पना दीपमाला मॅडमची. छे, तिच्यावर कशाला ढकलायचं? सारिकाचीच. दीपमाला मॅडमचा डान्स क्लास. मागच्या महिन्यात स्पर्धेचा विषय निघाला, युद्धकाळातल्या बायका. मॅडम मोबाइलवर फोटो घेऊन आली. गोऱ्या बायका, महायुद्धातल्या. खांदे ताठ केलेले कोट, कमरेला घट्ट पट्टा, डोक्याला रुमाल बांधून गाठ पुढे कपाळावर. पायमोजे मिळेनात म्हणून एक बाई मैत्रिणीच्या पोटरीवर पेन्सिलीने मोज्याची शिवण काढत होती. एकीने तर विमानातून उडी मारायच्या छत्रीचं कापड उसवून लग्नाचा झगा शिवला होता. "बघ ना सारिका, कापड नव्हतं तरी काय थाट," मॅडम म्हणाली. "आजच्या टुटूला हे सगळं लावायचं. नेट कमी, रंग मातीचे, आणि जोड दिसू द्यायचे. जोड लपवायचा नाही, मिरवायचा."

तेव्हा सारिकाला कोण हुरूप आला! "मॅडम, गोऱ्या बायका कशाला पाहिजेत? आपल्याकडे पण होतं की. कंट्रोलचा जमाना. कार्डावर कापड. लुगडं मधे विरलं की मधला भाग कापून टाकायचा आणि दोन धड टोकं जोडायची. त्या जोडाला दांड म्हणतात. माझ्याकडे खरं आहे, त्या काळातलं." असं म्हणून तिने पेटीतून ते लुगडं काढलं. मॅडमने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! हे तर सोनं आहे!"

आणि मग कात्री. लुगड्याचा जो भाग धड होता त्याच्या अकरा तिरक्या पाकळ्या, नाचात सगळ्यांत पुढे असणाऱ्या पोरीच्या टुटूसाठी. दांडेची शिवण बरोबर समोर, कमरेपासून खाली, सगळ्यांना दिसेल अशी. एका काठाकडच्या पट्ट्यांचे आठ रुमाल, आठ पोरींच्या डोक्याला, गाठ कपाळावर. उरलेल्या चिंध्या घंटागाडीत. टाळ्या किती पडल्या! परीक्षक बाईंनी तर स्टेजवर येऊन दांडेवरून हात फिरवला. सारिकाने तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

ती उसवायला बसली. एकेक टाका सुईच्या टोकाने उचलायचा, कापायचा, ओढायचा. घाईत दुसऱ्याच पाकळीला भोक पडलं. "माय वं!" ती मोठ्याने ओरडली, जसं कोणाच्या अंगाला सुई लागली.

तिचा नवरा प्रेमराज जेवणाचा डबा घेऊन आला तेव्हा दुकानभर खाकी नेट पसरलेलं आणि मधे ही. त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण हिशोबी डोक्याचा. "अगं, अक्कांना दिसत नाही. बाजारातून हिरव्या काठाचं सुती लुगडं घेऊ, दोनदा धुऊ, मऊ होईल. मधे एक टीप मारून टाक. झालं. म्हातारीच्या जिवाला शांती, तुझ्या जिवाला शांती."

सारिकाच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. फोन ठेवल्या ठेवल्या आलं होतं. "तिच्या अंगठ्याला दिसतं," ती म्हणाली. "तुम्ही तिला ओळखत नाही. आणि ओळखलं तर? त्या वेळी ओळखलं तर? त्याच्यानंतर तिच्याकडे दुसरं काही बोलायला वेळ राहील का?"

प्रेमराजने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी गाडी काढू का?" पण त्याला कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचं होतं. ती एकटीच निघाली. जेवली नाही.

निघण्याआधी दुकानात मशीनवर जेवढे तुकडे जोडता आले तेवढे तिने जोडले. तिरक्या पाकळ्या सरळ जोडायच्या म्हणजे प्रत्येक ठिकाणी कोपरा कापावा लागतो आणि प्रत्येक शिवण दोन्हीकडून बोट बोट खाते. दोन वाजता धुळ्याची बस मिळाली. खिडकीची जागा. एरंडोल गेलं तरी ती हाताने टाके घालत होती. शेजारची बाई विचारत राहिली, "गोधडी का?" सारिकाने हो म्हटलं. दर दहा मिनिटांनी फोन बघायची. वाजला नाही तर भीती, आणि वाजला असता तर त्याहून भीती. पारोळ्याजवळ एकदा वाजला. दुकानाचं नाव सांगून कोणी टुटूचा भाव विचारत होतं. तिला त्या बाईला शिव्या घालाव्याशा वाटल्या.

पारोळा सोडल्यावर सगळे तुकडे जोडून झाले. तिने कापड मांडीवर घेतलं आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताने मोजलं. एक हात. दोन हात. तीन हात. बस. तिने परत मोजलं. तीनच. नऊवारी लुगड्याचे तीन हात उरले होते. पाच फूट उंचीचं माणूस असेल तर तोंड तरी उघडं राहील नाहीतर पाय तरी. खिडकीला डोकं टेकवून ती नुसतं म्हणत राहिली, अक्का, थांब. अक्का, थांब.

जुन्या धुळ्यातली ती गल्ली तशीच. अक्काच्या दारात चपला बघून ती कोपऱ्यावरच थांबली. इतक्या चपला! पण लोटनभाऊ ओट्यावर बसून चहा पीत होता, म्हणजे अजून आहे. गेलेल्या माणसाच्या घरात कोणी चहा पीत नाही.

"या ताई. वाटच बघतायत," तो म्हणाला आणि आतल्या बायकांना त्याने बाहेर बोलावून घेतलं. "बसू द्या दोघींना."

खोलीत सगळं जिथल्या तिथे. खिडकीशी झाकलेली मशीन, भिंतीला पट्टी. खाटेवर अक्का. एवढीशी झाली होती. डोळे उघडे, पण छताकडे. श्वास घेताना गळ्यात बारीक घरघर होत होती.

"कोन? सारिका?"

"हो अक्का."

"आनं का?"

सारिकाने पिशवीतून कापड काढलं आणि घडी तिच्या छातीवर ठेवली. आता, सांगायचं तर हीच वेळ होती. सारिकाला कळत होतं. पण तोंड उघडेना. कोण जाणे, हाताला बळ नसेल, अंगठा चुकेल, ती म्हणेल बरं झालं पोरी आणि डोळे मिटेल. असंही तिच्या मनात आलं. आपलं मन किती वाईट असतं ते अशा वेळी कळतं.

अक्काचा हात घडीवर आला. अंगठा काठावरून फिरला. थांबला. पुढे गेला. परत थांबला. एका जोडावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. पाचव्या जोडाशी तिने हात उचलला.

"ह्या टाका मन्ही मायना नहीत," ती म्हणाली. "ह्या तुन्हा शेतस."

सारिका खाटेच्या कडेला धरून खाली बसली आणि मग सगळं बोलली. कोरं लुगडं, चिंध्यांची पेटी, दीपमाला मॅडम, टुटू, अकरा पाकळ्या, आठ रुमाल, घंटागाडी. काही लपवलं नाही. "मला वाटलं नवंच असेल, अक्का. माहेरचं नवं असतं ना. मी मूर्ख. मी तुला विचारायला पाहिजे होतं. मला मार. ती पट्टी देऊ का? मार मला."

अक्काने भिंतीकडे तोंड केलं. घरघर तेवढी चालू. ती थांबते की काय म्हणून सारिका श्वास रोखून ऐकत होती. बाहेर कोणीतरी कप धुतले.

"कंट्रोलना साल," अक्का भिंतीशीच बोलायला लागली. "मी सात वरसनी. मायजवय एकच लुगडं. मधमा फाटं, तिनी दांड घाली. तेच धुवो, तेच नेसो. वलं नेसो." ती थांबली. दम खाल्ला. "मग तिले ताप उना. तीन दिनमा गई. बाप कार्ड लई सना गया, कापड भेटनं नही. गावमा कोनाघर जास्तीनं फडकं नही. मी उघडी व्हती पोरी. मन्हा आंगवर काही नव्हतं. मग बापनी काय करं, मायना आंगवरनं लुगडं सोडं, आनि माले गुंडायं. म्हने, जित्ता मानूसले लागस, मरेलले काय. तिन्हावर एक फडकं टाकं. तीन हातनं. पाय उघडा राही गयात. मी दखेल शे. बठ्ठं गाव चाली राहिनं आनि मायना पाय उघडा."

सारिकाला हात उचलून डोळे पुसायचंही सुचलं नाही. तीन हात. बसमध्ये तिने जे मोजलं तेवढंच.

"ते लुगडं मन्हं नही," अक्का म्हणाली. तिने आता तोंड इकडे केलं होतं, आणि सारिकाने आयुष्यात पहिल्यांदा अक्काला घाबरलेली पाहिली. पट्टी मारणारी अक्का, नवऱ्यामागे एकटीने पन्नास वर्षं काढलेली अक्का, तिचा खालचा ओठ लहान पोरीसारखा हलत होता. "मायनं शे. माले ते परत देवानं व्हतं. ऐंशी वरस मी जपं. आते माय इचारी, भिकू, मन्हं लुगडं कथं शे? तवय मी काय सांगू?"

देव आहे, माया आहे, आई समजून घेईल, असलं काही सारिकाच्या तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं. अक्काला असली भाषा कधीच चालली नाही. शिवण कुठे चुकली ते सांग, बाकी सोड, असं म्हणणारी बाई ती.

"खरं ते सांग," सारिका म्हणाली. "सांग की बोरपाड्याच्या एका गाढव पोरीने कापलं. मग सांग की आठ पोरींनी ते डोक्याला बांधलं. गाठ इथे, कपाळावर. आणि सगळ्यांत पुढे एक होती, तिच्या घागऱ्यावर तुझी दांड होती, आई. समोर. तिने घातलेली ती एक शिवण मी उसवली नाही. बघ, इथे आहे." तिने अक्काचा अंगठा धरून त्या जोडावर ठेवला. "ती पोर गिरकी घ्यायची तेव्हा ती शिवण पहिली फिरायची. मोठ्या बाईंनी स्टेजवर येऊन हात फिरवला तिच्यावरून. विचारलं, हे कोणी शिवलं. मला नाव माहीत नव्हतं. अक्का, तुझ्या आईचं नाव मला माहीतच नाही."

अक्काचा अंगठा त्या शिवणीवर होता. वरून खाली गेला, खालून वर आला.

"ठगुबाई," ती म्हणाली.

मग अंगठा तसाच ठेवून, "नाचनं का, मायनं लुगडं?"

"हो, नाचलं."

"माय कधी नाचनी नही." अक्काच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. हसू नव्हतं. राग पण उतरला नव्हता. पण भिंतीकडे तोंड परत गेलं नाही. "आंगवर टाक. दखू दे."

सारिकाने कापड उलगडलं आणि जिवंत माणसाच्या अंगावर, डोक्यापासून पायांकडे, पांघरायला लागली. असलं काम देवाने वैऱ्याला देऊ नये. माथ्यापर्यंत ओढून बघितलं तर घोट्यांखाली सगळं उघडं. अक्काने पायाची बोटं हलवून बघितली. तिला वारा लागला असेल.

"पाय झाकाई जातीन ना, पोरी?"

सारिकाने इकडे तिकडे पाहिलं. कोरं लुगडं जळगावला राहिलेलं. आणि आणलं असतं तरी ते अक्काने स्वतः विकत घेतलेलं, माहेरचं नव्हतंच. तिने गळ्यातली ओढणी काढली. भाऊबीजेला भावाने दिलेल्या ड्रेसवरची, साधी सुती, पिवळी. भाऊ अजून बोरपाड्यातच राहतो. "झाकले जातील," ती म्हणाली. "माझी ओढणी लावते. गावचीच आहे, अक्का. भावाने दिलेली."

"पायकडे लाव. बारीक टाका घाल. घाई करू नको."

मशीनवरचं कापड बाजूला करून सारिकाने सुई शोधली. मशीनच्या खणात सुई जिथे असायची तिथेच होती. दोरा ओवला आणि ती खाटेच्या पायथ्याशी बसली. खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा जमिनीवर आला होता. ओढणीचं टोक आणि लुगड्याचं टोक एकावर एक ठेवलं, दांड घालायला घेतली. अक्काचे पाय तिच्या हाताशी होते, थंडगार. ती मधेमधे त्यांना तळहाताने चोळायची आणि परत टाके घालायची.

"व्हयनं का?" अक्काने विचारलं.

"नाही अक्का. आत्ता कुठे घेतलंय."

टाका. टाका. टाका. अर्धी शिवण झाली तेव्हा सारिकाच्या लक्षात आलं की अक्का बाकी काही बोलत नाही, काही मागत नाही, पाणीसुद्धा नाही. ती शिवण संपायची वाट बघतेय. घरघर आता लांबून येत होती, आणि दोन घरघरींमध्ये जी शांतता पडत होती ती मघापेक्षा मोठी होती. तिने टाके आणखी बारीक केले. एका बोटात आठ, मग दहा. असे टाके तिने लग्नाच्या शालूलाही घातले नव्हते.

"व्हयनं का?"

"थोडं राहिलंय."

लोटनभाऊ दारात येऊन बघून गेला. दिवा लावला. सारिकाने मान वर केली नाही. शिवण काठापर्यंत आली होती. शेवटचा टाका घालून झाला होता. गाठ मारायची तेवढी बाकी. पाय झाकले गेले होते, टाचांच्या खाली वीतभर पिवळं कापड शिल्लक होतं.

"व्हयनं का, पोरी?"

सारिकाने सुईचं टोक घातलं, मागचे सहा टाके उसवले आणि दोरा परत सरळ केला.

"नाही अक्का," ती म्हणाली. "इथे जरा वाकडी गेली टीप. परत घालते."